सातजणींतल्या तिघी

मला पाण्याची भीती वाटते, हे आमच्या कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. मी कधी कळूच दिलं नव्हतं. दापोडीत नदीपासून दोन गल्ल्या सोडून माझं लहानपण गेलं. धरणातून पाणी सोडलं की आमच्याकडे आधी गाद्या माळ्यावर जायच्या, मग शाळेची दप्तरं. गुडघाभर गढूळ पाण्यात आपण कशावर पाय ठेवतोय ते दिसत नाही, ही गोष्ट माझ्या तळपायांनी कायमची लक्षात ठेवली. पोहायला मी शिकले नाही. समुद्रावर सहल गेली की सगळ्यांच्या चपला सांभाळत वाळूवर बसणारी बाई म्हणजे मी.

तर आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटच्या ग्रुपवर एका सकाळी फोटो आला. नारिंगी जॅकेट घातलेला कुणीतरी माणूस दोराला लटकून धबधब्याच्या मधोमध तोंड वासून होता. खाली साहेबांनी लिहिलं होतं की यंदा रिसॉर्ट नाही, मावळातल्या एका घळीतून गाइडबरोबर पाण्यातून चालायचं आणि शेवटी धबधब्यावरून दोराने उतरायचं. तो फोटो मी दुसऱ्यांदा बघितला नाही. आणि त्याच क्षणी मी अंगठा टाकला. सगळ्यांत पहिला अंगठा माझा. तपासणी लाइनची मी इन्चार्ज, पंधरा वर्षं सुटे भाग पास-नापास करतेय, लाइनवरच्या पोरी माझ्या चेहऱ्याकडे बघून आपला चेहरा ठरवतात. मॅडम घाबरल्या असं कुणी म्हटलेलं मला चाललं नसतं. स्वभावच तसा आहे, त्याला औषध नाही.

लाइनवर लातूरकडची एक होती. मी तिला मुलगी म्हणते, पण तिची स्वतःची लेक दुसरीत आहे. लग्न होऊन महाळुंग्यात आली, नवरा शेजारच्याच कंपनीत, दोघांची शिफ्ट उलटसुलट. कामाला चोख, बोलायला कमी. तिने ग्रुपवर काहीच टाकलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं तर म्हणाली, तिला उंचीवर गरगरतं, विहिरीत डोकावलं तरी पाय लटपटतात, ती येणार नाही. मी तिचं ऐकून घ्यायला हवं होतं. त्याऐवजी दोन दिवस मी तिच्या मागे लागले. मी आहे ना, मी तुझ्या शेजारीच असणार, आयुष्यात एकदा तरी काहीतरी वेगळं कर, असलं सगळं बोलले. शेवटी ती म्हणाली, ताई म्हणतायत तर येते.

हे मी का केलं, ते आता लपवण्यात अर्थ नाही. माझी भीती झाकायला मला माझ्याहून घाबरलेलं कुणीतरी जवळ हवं होतं.

पावसाळा नुकताच सरला होता. रविवारी पहाटे बस दापोडीहून निघाली, पिंपळे गुरवच्या दोघी चढल्या, पुढे महाळुंग्यात लातूरची चढली. तिने सलवारीवर गुडघ्यापर्यंतचा ढगळ कुर्ता घातला होता आणि हातात डब्याची पिशवी होती. सगळ्यांसाठी धपाटी करून आणली होती. पिंपळे गुरवच्या दोघी तिची चेष्टा करत होत्या की धबधब्याला काय धपाटी चारणार का. ती हसली, पण माझ्या शेजारी बसल्यावर तिने माझं मनगट धरलं ते तळेगाव गेलं तरी सोडलं नाही.

गाइड दोघे होते. एक तरुण, भरपूर बोलणारा. दुसरा साठीपुढचा, त्याच भागातल्या गावचा, बारीक, पायात साधे रबरी बूट. त्याने सुरुवातीलाच सांगितलं की तो जिथे पाय ठेवेल तिथेच ठेवायचा, आणि हिरवं दिसेल तिथे मुळीच ठेवायचा नाही.

घळ बाहेरून कळतच नाही. माळावरून चालता चालता जमीन अचानक फाटते आणि खाली पाण्याचा आवाज येतो. आम्ही एका चिंचोळ्या वाटेने उतरलो आणि आत शिरलो, तेव्हा दोन्ही बाजूंना काळा कातळ उभा होता आणि वर आभाळाची एक पट्टी उरली होती. पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला. थंडगार. तळाचं काही दिसत नव्हतं. माझ्या तळपायांना सगळं आठवलं. दर पावलाला वाटायचं, आता खाली काहीच नसेल. दगड डुगडुगला की मी मोठ्याने हसायचे. लोकांना वाटलं मला भारी मजा येतेय.

एका डोहाला पाणी छातीपर्यंत होतं. लाइफ जॅकेट होतं, दोर बांधलेला होता, बुडण्याचं कारण नव्हतं. तरी मध्यावर माझे पाय सुटले आणि क्षणभर मी कुठेच टेकलेली नव्हते. श्वास आत गेला तो बाहेरच येईना. लातूरचीने माझा हात धरला होता. बघणाऱ्यांना वाटत असेल मी तिला नेतेय. खरं तर ती मला नेत होती, आणि ते तिला माहीत नव्हतं. पलीकडे निघाल्यावर ती म्हणाली, ताई, तुम्ही होतात म्हणून झालं. मी मान डोलावली.

दुपार कलल्यावर घळीच्या तोंडाशी आलो. तिथे पाणी तीन मजल्यांएवढं खाली पडत होतं. आवाज इतका, की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. लाइफ जॅकेट उतरवून हार्नेस तिथे घालायचे होते. पायांच्या दोन पट्ट्या आणि कमरेचा एक पट्टा. म्हाताऱ्या गाइडने स्वतःच्या कमरेवर दोनदा करून दाखवलं. पट्टा बकलातून ओवायचा, ओढून घट्ट करायचा, आणि मग उलटा फिरवून त्याच बकलातून परत मागे घ्यायचा. मागे घेतला नाही तरी तो घट्ट बसल्यासारखाच वाटतो, पण अंगाचं वजन आलं की सरकत जातो. ओला असेल तर जास्तच. हे त्याने दोन्ही वेळा सांगितलं.

पुरुषांचे हार्नेस त्याने स्वतः ओढून, बकलात बोट घालून पाहिले. ते एकेक करून उतरले, तरुण गाइड खाली दोर धरायला गेला. मग आम्ही बायका. मी सोडून सात. सगळ्यांनी हार्नेस घातल्यावर आपापले टीशर्ट, कुर्ते वरून ओढून घेतले होते. तो पट्टा मांड्यांना आणि कमरेला असा काही आवळतो की ओल्या कपड्यांत लाजच वाटते. म्हातारा जरा घुटमळला आणि माझ्याकडे आला.

"ताई, लेडीजचं तेवढं तुमी बघून घ्या. आमी कापडाला हात लावनं बरं न्हाई दिसत. सगळ्या बघा, आन् मला सांगा."

तो दोराकडे वळला. मी रांगेकडे गेले.

आता आमच्या कामाची पद्धत सांगायला हवी. शंभर भागांचा लॉट आला तर आम्ही शंभरच्या शंभर मोजत नाही. पहिला पीस बघतो, मधला बघतो, शेवटचा बघतो. मशिन तेच, सेटिंग तेच, हात तोच, तर तीन बरोबर निघाले की मधले सगळे बरोबर धरायचे. पंधरा वर्षांत हे माझ्या हातात इतकं मुरलंय की भाजीवाल्याकडे वांगी घेतानाही मी टोपलीतली वरची, मधली आणि तळाची उलटवून बघते. तिथे त्या कड्यावर मी नेमकं तेच केलं. पहिलीचा कुर्ता वर करून बघितलं. पट्टा मागे घेतलेला. चौथीचा बघितला. ठीक. सातवीचा बघितला. ठीक. एकाच माणसाने एकाच वेळी सगळ्यांना शिकवलंय, तिघींचं बरोबर आहे, म्हणजे सातही बरोबर. आळस म्हणून मी असं केलं नाही. काही चुकतंय हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही, हेच त्यातलं सगळ्यांत वाईट. शिवाय कड्याच्या काठापासून चार हातांवर उभं राहून माझं डोकं निम्मं बंदच पडलं होतं. मला ते काम लवकर संपवून मागच्या दगडाला टेकायचं होतं.

म्हाताऱ्याने लांबूनच हाताने विचारलं. मी ओरडून सांगितलं, सगळ्या ओके.

पहिली उतरली. दुसरी, तिसरी उतरल्या, त्या पिंपळे गुरवच्या दोघी, एकमेकींचे फोटो काढायला सांगत. चौथी रडत रडत उतरली. पाचवी लातूरची.

तिने माझ्याकडे बघितलं. ओठ पांढरे पडले होते. म्हाताऱ्याने तिच्या कुर्त्याखालून बाहेर आलेल्या पुढच्या गोल पट्टीत दोर अडकवला, त्याच्या हातातला वरचा राखणीचा दोरही त्याच पट्टीत अडकवला, आणि तिला मागे झुकायला सांगितलं. ती झुकेना. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी जाऊन म्हटलं, मी बघितलंय सगळं, जा. ती झुकली. पाय कातळाला लावले. दोन पावलं, तीन पावलं, तिची कंबर काठाच्या खाली गेली. खालून वारा आला आणि तिचा कुर्ता छातीपर्यंत उडाला.

बकलातून पट्ट्याचं टोक वीतभर बाहेर लोंबत होतं.

पट्टा मागे घेतलेला असला की टोक चार बोटं उरतं. मी तिघींचं बघितलं होतं, तिघींचं चार बोटंच होतं. वीतभर म्हणजे तो मागे घेतलाच नव्हता. हे कळायला मला क्षणही लागला नाही. चुकलेला पीस ओळखणं हे तर माझं पोट भरायचं काम आहे.

आणि मी गप्प राहिले. किती वेळ, ते मला नीट सांगता येत नाही. दोन श्वास असतील, चार असतील. पण त्या श्वासांत माझ्या मनात पहिला विचार तिचा आला नाही. पहिला विचार आला, आता सगळ्यांना कळणार की मी बघितलंच नव्हतं. तेवढ्यात ती आणखी एक पाऊल खाली गेली. लोंबणारं टोक किंचित आखूड झालं होतं. निदान मला तसं दिसलं.

मग मी म्हाताऱ्याचा दंड धरला आणि त्याच्या कानात सांगितलं. तिचा पट्टा मागे घेतलेला नाही. मी तिचा बघितला नव्हता.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, राखणीचा दोर आवळला आणि ती जिथे होती तिथे थांबवली. मग वाकून पाहिलं. तिच्या खाली सहासात हातांवर कातळात एक टप्पा होता, उभं राहता येईल एवढा. त्याने मला पोटावर आडवं व्हायला सांगितलं, माझा हार्नेस मागच्या कातळात ठोकलेल्या कडीला अडकवला आणि कानाशी बोलला. पायाच्या पट्ट्या धरून आहेत तिला, पण घाबरून तिचं डोकं खाली गेलं तर निसटेल. हिसका बसता कामा नये. टप्प्यावर उभी राहिली की वजन सुटतं, मग तो उतरून पट्टा नीट लावेल. त्याचं ती ऐकणार नाही. "तुमचं ऐकंल. पट्ट्याचं काय बी बोलू नका."

मी काठावर आडवी झाले. चेहरा कड्याच्या बाहेर. खालची माणसं बोटाएवढी दिसत होती आणि पाणी माझ्या गालाला घासून जात होतं. आयुष्यात ज्या दोन गोष्टींना मी टाळत आले, पाणी आणि पायाखाली काही नसणं, त्या दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मला त्यांचं काही वाटत नव्हतं. मला फक्त ते टोक दिसत होतं.

ती थांबवल्यामुळे बिथरली होती. वर बघत होती. मला बघितल्यावर ती ओरडली, तरी मला तिचं बोलणं जेमतेम ऐकू आलं.

"ताई, काय झालं? समदं ओके हाय का?"

मी ओरडून म्हटलं, "ओके आहे. हळू ये खाली. टप्प्यावर उभी राहा, दमली असशील."

आधी म्हटलं तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत होतं. तिच्या डोळ्यांत बघून, मुद्दाम हसून, मी ते म्हटलं. तिने मान हलवली. माझ्यावर तिचा पुरता विश्वास होता. म्हातारा वीत वीत दोर सोडत होता. मी एक पाऊल, आता दुसरं, उजवा पाय, असं ओरडत राहिले. माझा आवाज कुठून येत होता कोण जाणे. एकदा तिचा पाय शेवाळावरून सटकला, ती कातळावर गुडघ्याने आपटली आणि तिने दोराऐवजी पोटावरच्या पट्ट्याला हात घातला. मला वाटलं, संपलं. पण तिने पुन्हा पाय रोवला. आणखी तीन पावलं. मग ती टप्प्यावर टेकली आणि कातळाला मिठी मारून उभी राहिली.

म्हातारा राखणीचा दोर कडीला बांधून दुसऱ्या दोराने तिच्यापाशी गेला. तिचं लक्ष कातळाकडे होतं. त्याने तिच्याशी काहीतरी गमतीचं बोलत पट्टा ओढला, फिरवला, मागे घेतला. एवढंसं काम. बाटलीचं झाकण लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात झालं. तिला वाटलं, घाबरली म्हणून गाइड आधार द्यायला आले. तो वर येऊन दोर सोडू लागला तशी उरलेलं अंतर ती न थांबता उतरली आणि खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर त्याने सहावी आणि सातवी स्वतः तपासल्या. कापड बाजूला करून, बकलात बोट घालून. त्यांनी काही मनावर घेतलं नाही. मग माझा पट्टा तपासला. माझ्या तोंडाकडे न बघता त्याने दोर अडकवला. चिडला असता तर बरं झालं असतं. मी उतरले ते मला आठवत नाही. पाणी अंगावर पडत होतं एवढं आठवतं.

खाली ती धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. सगळ्यांना सांगत होती की तिचे तर पायच चालेनात, पण ताईंनी वरून ओके म्हटलं आणि मग भीतीच गेली. साहेबांनी तिथल्या तिथे भाषण केलं, की यालाच लीडरशिप म्हणतात. आमचा दोघींचा फोटो काढला. त्या फोटोत मी हसतेय.

बस निघाली तेव्हा उन्हं उतरली होती. धपाटी फिरली, कुणीतरी गाणी लावली. ती माझ्या शेजारी बसून गुडघ्यावरचं खरचटलेलं फुंकत होती आणि लेकीला फोनवर सांगत होती की पुढच्या वर्षी तुलाही नेणार, आमच्या ताई असल्या की कशाचं भ्यायचं नाही. पोर पलीकडून काय काय विचारत होती. सांगितलं नाही तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. म्हातारा बोलणारा नव्हता. पट्टे गाइडच्या पोत्यात परत गेले होते. मी गप्प बसायचं ठरवलंही होतं. पण पुढच्या वर्षी त्या लेकीच्या कमरेचा पट्टा मी बघणार होते, नाहीतर बघितला असं म्हणणार होते. ते मला सहन होईना.

तळेगाव मागे पडल्यावर मी तिला सांगितलं. सगळं. तीन बघितले, चार सोडले. वारा आला तेव्हा दिसलं. दिसल्यावर थोडा वेळ गप्प राहिले, म्हाताऱ्याने मागाहून सहावी स्वतः तपासली, हेही सांगितलं.

तिने फोन मांडीवर ठेवला. ती पुढच्या सीटच्या पाठीकडे बघू लागली. मी माफी मागितली, ती तिने ऐकली की नाही कळलं नाही. मग तिने विचारलं, मी ओके म्हणाले तेव्हा मला ठाऊक होतं का. मी म्हटलं, दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ठाऊक होतं.

"ते बरं केलंत," ती म्हणाली. "मी हात सोडला असता."

मला वाटलं, संपलं, सुटले. माझे डोळे भरून आले होते. पण तिचा चेहरा अजून तसाच होता, आणि ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मशिनवर पीस मोजताना मोजते तसं.

"पहिली बघितली. चौथी बघितली. सातवी बघितली. माजी न्हाई. सहावी त्या बाबानं बघितली." ती थांबली. "दुसरी आन् तिसरी?"

पिंपळे गुरवच्या दोघी चार सीट पुढे होत्या. एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर, मोबाइलवर धबधब्यातले फोटो बघून खिदळत होत्या. त्या दोघी त्या दोरावरून तीन मजले लटकत खाली आल्या होत्या. त्यांचे पट्टे मागे घेतलेले होते की नव्हते, हे मला माहीत नव्हतं. आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. इतका वेळ माझ्या मनातही ते आलं नव्हतं.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"मग त्यांना बी सांगा," ती म्हणाली. "आत्ता सांगा, ताई. माजं महाळुंगे यायच्या आत."

तिने मला जायला वाट मिळावी म्हणून पाय आखडून घेतले. मी वरचा दांडा धरून उभी राहिले. बस चालूच होती. चार सीट पुढे जायचं होतं. कड्यावर आडवं होणं यापेक्षा सोपं होतं. मी पहिलं पाऊल टाकलं.